मामा, टोकन संपले!

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. एवढ्या उशिरा फोन म्हटल्यावर पोटात धस्स झालं. उचलला तर म्हणतो, "मामा, टोकन संपले."

मला आधी कळेचना. टोकन दवाखान्यात मिळतं, बँकेत मिळतं. याचं कुठलं संपलं?

मग उलगडा झाला. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलच्या मेसचा हिशोब ठेवणारं ॲप हा त्याचा प्रोजेक्ट, आणि सकाळी दहाला तो सरांना दाखवायचा होता. ॲप लिहिलं होतं एआय असलेल्या एडिटरमध्ये. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: डावीकडे फाइली, मध्ये कोड, उजवीकडे गप्पा मारायची खिडकी. तिथं आपण सांगायचं "हे कर", की तो मधला कोड स्वतः लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. त्याचा महिन्याचा कोटा ठरलेला असतो. तो त्या रात्री संपला, आणि नेमका तेव्हाच मेसच्या बिलाचा आकडा चुकत होता.

गाडी काढली. विश्रामबागहून मिरज काही लांब नाही. गेल्या गेल्या विचारलं, "एकूण रक्कम कुठल्या फाइलमध्ये काढतोस?"

"माहीत नाही मामा. ते त्यानंच लिहिलंय."

मी रागावलो नाही. रागवायचा अधिकारही नाही, कारण मी स्वतः हळदीच्या अडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो आणि गेलं वर्षभर असाच एडिटर वापरतोय. पण "त्यानंच लिहिलंय" हे शब्द काही डोक्यातून जाईनात.

मग तोच फोल्डर साध्या एडिटरमध्ये उघडला आणि "खाडा" हा शब्द शोधला. दोन ठिकाणी सापडला. एका फाइलमध्ये सलग तीन दिवस जेवायला नसेल तर खाडा धरला होता, दुसऱ्या फाइलमध्ये दोनच दिवस. बिल एका नियमानं निघत होतं आणि महिन्याची बेरीज दुसऱ्या. चूक एका आकड्याची होती, सापडायला रात्रीचा दीड वाजला. सापडली ती त्यालाच, मी फक्त शेजारी बसलो होतो.

चहा पिताना त्यानं विचारलं, "मामा, हे नव्हतं तेव्हा तुम्ही कसं करायचा?" तेव्हा अर्धवट उत्तर दिलं. उरलेलं इथं लिहितोय, कारण हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही. आपल्या सांगली-मिरजेतली शेकडो पोरं आज याच टेबलावर बसून शिकतायत. हे टेबल कुणाचं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

सुरुवात १९६९ पासून करू. अमेरिकेत न्यू जर्सीला बेल लॅब्ज नावाची संशोधन संस्था होती. तिथं केन थॉम्प्सन हे गृहस्थ. त्यांची बायको लहान मुलाला घेऊन काही आठवडे गावाला गेली, आणि तेवढ्यात यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा पहिला सांगाडा उभा केला. त्यातच एक एडिटर लिहिला. नाव "एड". तेव्हा समोर पडदा नव्हता. टाइपरायटरसारखं टेलिटाइप यंत्र, त्याला कागदाचा रोल, वेग सेकंदाला साधारण दहा अक्षरं. त्यामुळे पूर्ण फाइल समोर दिसणं विसरा. "सातवी ओळ दाखव", "त्यात हा शब्द बदल", असे एकेक हुकूम द्यायचे. आणि चुकलात तर एड उत्तर द्यायचा फक्त "?". काय चुकलं, कुठं चुकलं, काही नाही. नुसतं प्रश्नचिन्ह. थॉम्प्सन यांना तेवढ्यावर कळायचं. बाकीच्यांनी डोकं खाजवत बसावं.

लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कुलूरिस शिकवायचे. त्यांच्याकडे पडदा असलेले टर्मिनल आले होते. त्यांनी एडमध्ये सुधारणा करून नवा एडिटर केला आणि नाव ठेवलं "एम", म्हणजे मर्त्य माणसांसाठीचा एडिटर! टोमणा कुणाला होता ते कळलंच असेल. १९७६ च्या उन्हाळ्यात ते कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात गेले, तिथं बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्यानं तो पाहिला. जॉयनं त्यावर काम करत करत "व्हीआय" हा एडिटर घडवला.

आता गंमत बघा. जॉय घरून काम करायचा ते ३०० बॉडच्या मॉडेमवरून, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी, एवढा एक पडदा भरायला मिनिटभर लागायचा. म्हणून व्हीआयचे हुकूम एकेका अक्षराचे. त्याच्या टर्मिनलवर बाणांची वेगळी बटणं नव्हती, एच-जे-के-एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. ते टर्मिनल कधीच भंगारात गेलं, पण आजही जगभरातले प्रोग्रामर कर्सर हलवायला एच-जे-के-एल दाबतात. एका गरिबीतून पडलेली सवय पन्नास वर्षं टिकली.

पण व्हीआयच्या पोटात एडचा कोड होता आणि एड होता बेल लॅब्जच्या मालक कंपनीचा, एटी अँड टीचा. त्यामुळे तिचा परवाना नसेल तर व्हीआयचा कोड वाटता येत नव्हता. तो मोकळा व्हायला २००२ साल उजाडलं. तोवर लोक थांबले नाहीत. त्यांनी तसाच दिसणारा एडिटर पहिल्यापासून नव्यानं लिहिला. त्यातला सगळ्यात गाजलेला "विम", नेदरलँड्सच्या ब्रॅम मूलेनार यांचा, १९९१ साली लोकांपुढे आला. फुकट. फक्त एक विनंती: आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी मदत करा. मूलेनार २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. विम आजही सुरू आहे, त्यांच्यामागे इतर लोक तो सांभाळतायत.

दुसरी कथा ईमॅक्सची. १९७६, एमआयटीची एआय लॅब. होय, नावातच एआय! तिथं रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील वगैरे मंडळींनी ईमॅक्स जमवला. स्टॉलमनची अट अशी की वापरा, बदला, पण केलेली सुधारणा परत आणून द्या. आपल्याकडे गावच्या भांड्यांचं असतं तसं. लग्नाला न्या, पण घासून परत ठेवा. पुढे जेम्स गॉस्लिंग यांनी (हेच पुढे जावा भाषेचे जनक) युनिक्ससाठी वेगळा ईमॅक्स लिहिला. तो आधी मोकळेपणानं फिरत होता, मग एका कंपनीला विकला गेला. स्टॉलमननी १९८५ मध्ये आणलेल्या जीएनयू ईमॅक्समध्ये त्याचा काही भाग होता. कंपनीनं हरकत घेतली, तेव्हा त्यांना तो भाग काढून नव्यानं लिहावा लागला. हे चटके बसले म्हणून सामायिक वस्तू कुणी परस्पर कुंपण घालून ताब्यात घेऊ नये यासाठी कायदेशीर कागद तयार झाला. तोच १९८९ चा जीपीएल परवाना. लिनक्स आज याच परवान्याच्या पुढच्या आवृत्तीखाली आहे.

म्हणजे "एडिटर कुणाचा?" हे भांडण नवीन नाही. ते पहिल्या दिवसापासून चालू आहे.

आता आपल्याकडे या. माझ्या वयाच्या लोकांना विचारा पहिला एडिटर कुठला. उत्तर एकच: निळा पडदा, टर्बो सी. बोर्लंड कंपनीनं १९८३ मध्ये टर्बो पास्कल आणलं. किंमत ४९.९५ डॉलर, तेव्हाच्या मानानं फारच स्वस्त. लिहायचं, तपासायचं, चालवायचं, सगळं एकाच खिडकीत. त्याच घराण्यातलं टर्बो सी आपल्या कॉलेजांत आलं आणि मुक्कामालाच बसलं. कंट्रोल-एफ नाईन दाबून प्रोग्रॅम चालवायचा, आल्ट-एफ फाईव्ह दाबून उत्तर बघायचं. जर्नलमध्ये प्रोग्रॅम हातानं उतरवायचे. जगात ते कालबाह्य झाल्यावरही कितीतरी लॅबमध्ये ते जुन्या डॉसचं सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालून चालवलं गेलं. पैसे देऊन घेतलेली प्रत मी तरी पाहिली नाही. मालक कोण, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. आम्ही शिकलो त्यावरच, त्याला नावं ठेवत नाही. पण एका कंपनीच्या जुन्या डब्यात आपण पिढ्याच्या पिढ्या बसवल्या, हे खरं.

मालकीची किंमत मराठीनं तर आधीच मोजली आहे. नव्वदच्या दशकात डीटीपी करणाऱ्या कुणालाही विचारा. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, अक्षरांमागचे आकडे वेगळे. एका फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे उघडला की नुसती चिन्हांची खिचडी. माझ्या वडिलांनी एका छोट्या संस्थेचा इतिहास टाइप करून घेतला होता. फ्लॉपी आहे, फाइल आहे, पण ज्या फॉन्टमध्ये टाइप केला तो आता कुणाकडे नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि विंडोजमध्ये देवनागरी आली विंडोज २००० पासून. तोवरचं किती मराठी लिखाण असं कुलपात अडकलं असेल, देव जाणे. उलट थॉम्प्सन यांच्या एडमध्ये लिहिलेली साधी इंग्रजी फाइल आज कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. एडिटर बदलले, मालक बदलले, पण मजकूर साधा राहिला म्हणून तो लिहिणाऱ्याचा राहिला.

हे लक्षात ठेवा, आता आजच्या काळाकडे येतो.

२०१४ मध्ये गिटहबनं "ॲटम" एडिटर आणला. मोकळा, फुकट, दिसायला देखणा. त्याच्यासाठी जो पाया घातला त्याचं नाव इलेक्ट्रॉन. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं त्याच इलेक्ट्रॉनवर "व्हीएस कोड" उभा केला आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा कोड खुला केला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलरला गिटहबच घेतलं. मग एका घरात दोन एडिटर कशाला? १५ डिसेंबर २०२२ ला ॲटम बंद झाला. त्याच्या मूळ कारागिरांपैकी काहींनी "झेड" हा नवा एडिटर लिहिला, तो जानेवारी २०२४ पासून खुला आहे.

व्हीएस कोड खुला आहे हे खरं, पण पूर्ण खरं नाही. कोड खुल्या परवान्याखाली आहे. आपण जे तयार पॅकेज उतरवून घेतो ते मात्र मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या परवान्याखाली येतं. आणि जोडायचे जे छोटे छोटे प्लगइन असतात, त्यांचा बाजार मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांसाठी राखीव. एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचं सी आणि सी++ साठीचं प्लगइन इतरांनी व्हीएस कोडवरून बनवलेल्या एडिटरमध्ये चालेनासं झालं. शेत सगळ्यांचं, पण विहिरीचा पंप एकाचा, असा हा मामला.

तेवढ्यात एआय आलं. जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट चाचणीसाठी बाहेर पडलं. तुम्ही अर्धी ओळ लिहा, उरलेली करड्या अक्षरांत पुढं दिसणार, टॅब दाबा की झालं. वर्षभरानं महिना दहा डॉलर आकार सुरू झाला. ते शिकलं कशावर? लोकांनी गिटहबवर उघडा ठेवलेला कोड वाचून. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावरून अमेरिकेत खटलाही दाखल झाला. गावच्या भांड्यांची आठवण झाली का? सगळ्यांनी घासून ठेवलेली भांडी घेऊन कुणी खानावळ काढली तर जेवणाऱ्यांनी पैसे कुणाला द्यायचे, असा तो वाद आहे.

२०२३ मध्ये एमआयटीच्या चार पोरांनी काढलेला "कर्सर" आला. व्हीएस कोडचाच खुला कोड घेऊन, त्यात एआयला मध्यभागी बसवून. आता नुसती ओळ पुरी करणं नाही, दहा फाइलींत जाऊन बदल करणं सुरू झालं. जून २०२५ मध्ये त्यांनी दराची पद्धत बदलली, लोकांची बिलं अचानक फुगली, आणि ४ जुलैला कंपनीनं माफी मागून पैसे परत द्यायची तयारी दाखवली. त्याच महिन्यात "विंडसर्फ" या दुसऱ्या एडिटरचं नाट्य घडलं. ओपनएआय ही कंपनी विकत घेणार होती, ते फिसकटलं. शुक्रवारी तिचा प्रमुख आणि काही निवडक मंडळी गुगलनं उचलली. सोमवारी उरलेली कंपनी तिसऱ्याच कंपनीनं घेतली. ज्यांनी वर्षाचे पैसे भरले होते, त्यांच्या टेबलाचा मालक शनिवार-रविवारच्या सुट्टीत बदलला!

आणखी एक गंमत. २०२५ मध्येच क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी यांची अवजारं थेट काळ्या टर्मिनलमध्ये आली. म्हणजे आपण एक ओळ टाइप करायची आणि यंत्रानं उत्तर द्यायचं. पन्नास-पंचावन्न वर्षांनी फिरून आपण टेलिटाइपपाशी आलो. फरक इतकाच की एड "?" म्हणून गप्प बसायचा, आणि हे चुकलं तरी आत्मविश्वासानं चार परिच्छेद लिहितं.

मी या अवजारांच्या विरोधात नाही, हे पुन्हा सांगतो. जी कंटाळवाणी कामं करायला माझा दिवस जायचा, ती अर्ध्या तासात होतात. पण "वेग वाढला" असं जे आपल्याला वाटतं, ते नेहमी खरं असतंच असं नाही. जुलै २०२५ मध्ये मेटर या अमेरिकी संस्थेनं एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा अनुभवी प्रोग्रामर, त्यांचेच ओळखीचे मोठे प्रोजेक्ट, २४६ कामं. एआय वापरल्यावर त्यांना वाटलं आपण २० टक्के वेगानं काम केलं. घड्याळात पाहिलं तर १९ टक्के जास्त वेळ लागला होता. प्रयोग छोटा आहे, अवजारं त्यानंतर सुधारली आहेत, नवख्यांना हाच हिशोब लागू होईल असंही नाही. पण जाणत्या माणसालाही स्वतःचा वेग कळत नाही, एवढं त्यातून दिसतं.

मग आधीच्या आणि आत्ताच्या भांडणात फरक काय?

टर्बो सी कंपनीचं होतं, पण प्रोग्रॅम माझ्या फ्लॉपीत आणि तो कसा चालतो हे माझ्या डोक्यात होतं. व्हीआयवर एटी अँड टीचा हक्क होता, पण बोटांना लागलेली सवय माझी. म्हणून एडिटर गेला तरी माणूस दुसरीकडे जाऊन बसू शकत होता. विम तसाच आला, जीएनयू ईमॅक्स तसाच आला, झेडही तसाच आला. कुंपण घातलं गेलं की लोक बाजूला नवी वाट पाडायचे. वाट पाडणारी माणसं तयार होती म्हणून ते जमलं.

आता फाइल अजूनही आपल्याच लॅपटॉपवर आहे. पण त्या फाइलीत काय आहे हे समजणं भाड्यानं घेतलेलं आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर त्या रात्री एकही ओळ कमी झाली नव्हती. तरी प्रोजेक्ट त्याच्या हातातून गेला होता. भाडं महिना वीस डॉलर धरलं तर सतराशे रुपयांच्या वर. आपल्याकडे होस्टेलवर राहणाऱ्या पोराला ही रक्कम छोटी नाही. त्यात मराठीत बोलायचं म्हटलं तर आणखी भुर्दंड. ही मॉडेलं मजकुराचे तुकडे करून मोजतात, त्यालाच टोकन म्हणतात. देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. तेच वाक्य, पण कोटा लवकर संपतो.

म्हणून आपल्या भागातल्या कॉलेजांकडे, शिक्षकांकडे आणि पालकांकडे तीन मागण्या आहेत.

एक, टर्बो सी आता खरोखर निवृत्त करा. पण त्याच्या जागी एकदम भाड्याचं अवजार आणू नका. खुला एडिटर, खुला कंपायलर आणि गिट, एवढं जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं आणि एक पैसा लागत नाही.

दोन, पहिलं वर्ष हातानं लिहू द्या. त्यानंतर एआय खुशाल वापरू द्या. बंदी घालून काही होणार नाही, पोरं मोबाइलवर वापरतील. फक्त ओरलला "हा कोड चालवून दाखव" एवढ्यावर थांबू नका. "ही ओळ काढली तर काय होईल?" असं विचारा. ज्याला सांगता येईल त्याला मार्क द्या, मग लिहिला कुणीही असो.

तीन, लॅबमधल्या निदान एका बऱ्या मशीनवर खुलं मॉडेल बसवा. क्वेनसारखी कोड लिहिणारी छोटी मॉडेलं ओलामाच्या मदतीनं आपल्याच कॉम्प्युटरवर चालतात. ती मोठ्या मॉडेलांइतकी हुशार नाहीत, वेगही कमी. पण इंटरनेट गेलं, कोटा संपला, कंपनी विकली गेली, तरी ती तिथंच असतात. आणि आत काय चालतं हे पोरांना उघडून बघता येतं.

सकाळी अकराला भाच्याचा पुन्हा फोन आला. यावेळी आवाज मोकळा होता. सरांनी नेमकं खाड्याबद्दलच विचारलं म्हणे, आणि यानं रात्रीची चूक, दोन फाइली, तीन दिवस-दोन दिवस सगळं सांगितलं. सर म्हणाले, एवढं सविस्तर आज दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

"पण मामा," तो म्हणाला, "उरलेल्या फाइली मला अजून कळलेल्या नाहीत."

म्हटलं, रविवारी ये. टोकन पहिल्या तारखेला भरतील तेव्हा भरतील. तोवर आपण दोघं एकेक फाइल वाचू.

तुमच्या घरात, तुमच्या कॉलेजात काय चाललंय, जरूर सांगा. विशेषतः लॅब सांभाळणाऱ्या सरांनी आणि मॅडमनी. आणि कुणाकडे नव्वद सालचे जुने मराठी फॉन्ट असतील तर मला कळवा. वडिलांची फ्लॉपी अजून ठेवली आहे.